साबणाचा भाव काढताना आपले हातही मोजा



आज बोलायचं आहे हातानं बनवलेल्या साबणाबद्दल. गटाच्या बैठकीत उद्योगाचं नाव निघालं की पापड, लोणचं, मसाले यांच्या मागोमाग हल्ली साबण येतोच. खोबरेल, कडुलिंब, हळद हे सगळं आपल्या ओळखीचं आहे. भांडवल थोडं लागतं, जागाही थोडी. मग वाटतं, यात अवघड काय आहे?

अवघड नाही, पण मोजून करायचं काम आहे. हा धंदा दोन वस्तूंवर उभा राहतो. एक वजनकाटा, दुसरी वही. काट्यावर साबण नीट होतो आणि वहीमुळे धंदा टिकतो.

आधी काट्याचं बोलू. साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग. खाण्याचा सोडा नव्हे, धुण्याचा सोडाही नव्हे. कॉस्टिकशिवाय वडीचा साबण होत नाही. बाजारात मिळणारा तयार बेस आपण वितळवून साच्यात ओततो, तेव्हाही ते काम आधी दुसऱ्या कोणीतरी केलेलं असतं. प्रमाण बरोबर असेल तर सगळा कॉस्टिक तेलाशी मिळून जातो आणि वडीत उरतो तो साबण आणि ग्लिसरीन.

पण प्रत्येक तेलाची भूक वेगळी. १ किलो खोबरेल तेलाला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतो. तिळाच्या तेलाला साधारण १३५ ग्रॅम, एरंडेलाला १२८ च्या आसपास. आता खोबरेल महागलं म्हणून कोणी अर्धं तिळाचं तेल घातलं आणि कॉस्टिक तेवढाच ठेवला, तर उरलेला कॉस्टिक वडीत राहतो आणि अंगाची आग होते. म्हणून तेल बदललं की हिशोब नव्यानं करायचा. त्यातही कॉस्टिक शंभराला पाच भाग कमीच घ्यायचा. वाटीनं किंवा अंदाजानं नाही, ग्रॅमच्या काट्यावर. कोणत्या तेलाला किती, याचा तक्ता प्रशिक्षणात मिळतो. तो भिंतीवर लावून ठेवा.

आता जिवाची काळजी. नेहमी पाण्यात कॉस्टिक हळूहळू सोडायचा, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. ते उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं घ्या. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं भांडं कॉस्टिक खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचं झंपर हवं. काम उघड्या हवेत करा, चुलीपासून आणि मुलांपासून लांब. डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि डबा कुलपात ठेवा. अंगावर किंवा डोळ्यात उडालंच, तर लिंबू-व्हिनेगर लावत बसू नका. किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं असेल तर त्यानंतर लगेच दवाखाना गाठा.

ओतलेली वडी दुसऱ्या दिवशी कापता येते, पण विकता येत नाही. हवेशीर सावलीत ती चार ते सहा आठवडे वाळू द्यावी लागते. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आपला साबण हवा असेल, तर अनंत चतुर्दशीपर्यंत तो साच्यातून निघालेला हवा. अनंत चतुर्दशी ते नरक चतुर्दशी, मधे साधारण सहा आठवडेच असतात. तेवढे दिवस तेलाचे पैसे फळीवर अडकून पडतात. गटातून कर्ज घेणार असाल तर पहिला हप्ता कधी सुरू व्हावा, ते हे दिवस धरूनच ठरवा. वाळताना वडीचं वजन घटतं. तेव्हा वेष्टनावर लिहायचं वजन वाळल्यानंतर करायचं, कापताना नाही.

आता वही उघडू. समजायला सोपे म्हणून आकडे धरते, तुम्ही आपल्या बाजाराचे घाला. एका घाण्यात १ किलो तेल, वड्या निघाल्या १४. तेल, कॉस्टिक आणि सुगंध यांचे ३५० रुपये. वेष्टनाचे ७०. वीज आणि जाण्यायेण्याचे ६०. झाले ४८०. म्हणजे वडी पडली साधारण ३४ रुपयांना. मग आपण म्हणतो, ४० ला विकू, वडीमागे सहा रुपये सुटतील.

पण थांबा. दोघींनी तीन-तीन तास काम केलं, ते कुठं लिहिलं? चौदा वड्यांचे ५६० रुपये आले, ४८० गेले, हातात राहिले ८०. सहा तासांना ८०. तासाला तेरा रुपये! शेतावर कोणी एवढ्या पैशात बोलावलं तर आपण जाऊ का? तासाला ५० रुपये धरले तरी मजुरीचे ३०० होतात. एकूण खर्च ७८०, म्हणजे वडी ५६ रुपयांना पडली. आणि नफा त्याच्यापुढे सुरू होतो. एखादी वडी मोडणार, दुकानदार आपला वाटा ठेवणार, हेही त्यातच बसवायचं.

"एवढी महाग कोण घेईल?" हा प्रश्न येणारच. मग तेल एकत्र घाऊक घ्या, एका वेळी मोठा घाणा करा, वेष्टन साधं ठेवा. खर्च तिथं कमी करा. स्वतःची मजुरी कापून स्वस्ताई करू नका. घरचं काम म्हणून आपले हात फुकट धरायची सवय आपल्यालाच लागलेली असते. ती वहीत दिसली की सुटते.

शेवटचं, परवान्याचं. अंगाचा साबण कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात मोडतो. विक्रीसाठी बनवायचा तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे परवाना लागतो. आपल्या राज्यात तो अन्न व औषध प्रशासन देतं. जागा आणि जाणकार माणूस यांच्या अटी असतात. उद्यम नोंदणी केली म्हणजे हा परवाना मिळाला, असं नाही. स्वतःची जागा जमत नसेल तर परवाना असलेल्या कारखान्यात आपला माल बनवून घ्यायची सोय आहे. तिला लोन लायसन्स म्हणतात. पैसे गुंतवण्याआधीच प्रशासनाच्या कार्यालयात दोघी-तिघींनी मिळून चौकशी करा. प्रशिक्षणासाठी उमेदच्या ताईंना विचारा, आणि जिल्ह्याच्या आरसेटीत साबणाचा वर्ग आहे का तेही पाहा. तिथलं शिक्षण मोफत असतं.

वेष्टनावर खरं तेच लिहा. "नायटा जातो", "खरूज बरी होते" असं लिहिलंत तर तो औषधाचा दावा ठरतो. "केमिकल नाही" असंही लिहू नका. कॉस्टिक आपणच घातला होता. कोणती तेलं वापरली, कधी बनवला, घाण्याचा क्रमांक कोणता, हे लिहा. तोच क्रमांक वहीत असू द्या. उद्या कोणाची तक्रार आली तर कोणत्या दिवशीचा, कोणत्या मापाचा साबण होता, हे लगेच सापडेल.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत साबणाचा विषय निघाला की आधी साचे मागवू नका. वहीचं एक पान घ्या, त्यावर आपल्या बाजारातले भाव लिहा आणि सगळ्यात वरच्या ओळीत आपल्या कामाचे तास लिहा. त्या पानावर धंदा परवडत असेल, तर मग पुढचं पाऊल टाका.