साप-विंचवाचा दंश : पहिला तास वाया घालवू नका
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मृगाचा पाऊस पडला की आपल्या वऱ्हाडात पेरणीची घाई सुरू होते. त्याच दिवसांत बिळांत पाणी शिरून साप-विंचूही बाहेर पडतात. पुढे सोयाबीनची सोंगणी, गंजी, तुऱ्हाट्यांचे ढीग, रात्रीचे ओलीत, म्हणजे गाठ पडणारच. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतील होती.

साप चावला की आधी मांत्रिकाकडे नेण्याची रीत अजून आहे. तिथे गुण आल्याचेही ऐकू येते. त्याचे कारण साधे आहे. धामण, दिवड, तस्कर हे साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. असा माणूस मंत्राविनाही वाचला असता. पण ज्याच्या अंगात खरोखर विष भिनले, त्याचा मोलाचा तास तिथे जातो.

आपल्याकडे मुख्य विषारी साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग व मण्यार यांच्या विषाने पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, श्वास बंद पडू शकतो. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यास चावते. दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागले, डोळे मिटू लागले तर ती शंका घ्या. घोणस व फुरसे यांच्या विषाने सूज येते आणि रक्त गोठत नाही. या चारही सापांवर एकच प्रतिविष लस चालते. म्हणून साप मारून सोबत नेण्याची गरज नाही.

दंश झाल्यावर रोग्यास धीर द्या, चालवू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. हात-पाय काठीच्या आधाराने सैल बांधून स्थिर ठेवा. करकचून आवळणे, चिरा देणे, रक्त चोखणे टाळा. १०८ वर फोन करा, किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठा.

विंचवात लाल विंचू घातक, लहान मुलांना तर फारच. दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ, हात-पाय गार पडणे ही लक्षणे दिसताच थांबू नका. विष हृदयावर चालते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने असे रोगी वाचवता येतात हे दाखवून दिले. १९८६ मध्ये त्यांचे काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

दंश टाळणे मात्र आपल्या हाती आहे. ओलितास जाताना बॅटरी व गमबूट वापरा. गंजीत, कुटारात हात घालण्यापूर्वी काठीने चाळवा. बूट झटकून घाला. जमिनीऐवजी बाजेवर झोपा आणि मच्छरदाणी खोचून घ्या. सरपण व गोवऱ्या घरापासून दूर रचा.

आणि आजच एक काम करा. आपल्या गावाजवळ कोणत्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस असते आणि रात्री गाडी कोणाची मिळेल, हे विचारून घरातील सर्वांना सांगून ठेवा.