घरातले वायरिंग : कुठवर आपण, कुठून वायरमन

(एच. डी. कोटे, जिल्हा म्हैसूर येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



संघटनेचा चिटणीस बोलायला उभा राहिला की महागाई भत्ता, वेतन आयोग, पेन्शन, बदल्या हेच विषय निघणार, असे आपण धरून चालता. ते विषय आहेतच, आणि त्यांवर दुपारच्या सत्रात बोलणे होणार आहे. मी मात्र माझा वेळ घरातल्या दिव्यासाठी घेणार आहे. छताला टांगलेला दिवा, त्याचा होल्डर, भिंतीवरचे बटण आणि त्यामागची तार. विषय लहान वाटेल. पण आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात, ही सरकारी नोंद आहे. हा आकडा लहान नाही.

आपण बसलो आहोत तो मुलूख विजेच्या बाबतीत देशात आघाडीवर होता. म्हैसूर संस्थानात १९०२ साली कावेरीवर शिवनसमुद्र येथे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि तिथली वीज सव्वाशे-दीडशे किलोमीटर लांब कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. ऑगस्ट १९०५ मध्ये बंगळूरच्या रस्त्यावर विजेचे दिवे लागले. मात्र याच कोटे तालुक्यात जंगलाकडेच्या आदिवासी हाड्यांपर्यंत दिवा पोचायला त्यानंतर कित्येक दशके लागली. वीज आधी खाणीला, मग शहराला आणि सर्वांत शेवटी गरिबाला, हा क्रम आपल्याला नवा नाही. २०२३ साली कर्नाटकात गृहज्योती योजना आली आणि दरमहा २०० युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्या घरांना बिलातून दिलासा मिळाला. ही चांगली गोष्ट झाली. पण बिल शून्यावर आले म्हणून भिंतीतली तार नवी होत नाही. तार जुनीच, भिंत पावसाने ओली, आणि वर फ्रिज, मिक्सर, गीझर यांचा भार मात्र वाढलेला. धोका इथे आहे.

बंधूंनो, आपल्यातल्या रेल्वेवाल्यांना मी एक प्रश्न विचारतो. गाडीच्या डोक्यावरून जाणाऱ्या २५,००० व्होल्टच्या तारेवर काम करायचे झाले तर आपण काय करतो? आधी पॉवर ब्लॉक. मग लेखी परमिट. मग तार बंद झाल्याची खात्री. मग दोन्ही बाजूंना अर्थिंगचे रॉड. तेव्हा कुठे माणूस वर चढतो. साहेब घाई करत असला तरी परमिटशिवाय हात लावायचा नाही, हे आपण ठणकावून सांगतो. हे नियम कुणी दान दिलेले नाहीत. १९२५ साली मुंबईत पहिली विजेची गाडी धावली तेव्हापासून किती कामगारांनी जीव गमावला असेल, त्यांच्या रक्ताने या नियमाचे एकेक कलम लिहिले गेले आहे. आणि तोच कामगार घरी आल्यावर स्टुलावर उभा राहून, बटण तेवढे बंद करून, उघड्या तारेला हात घालतो. का? तर म्हणे, घरची वीज २३० व्होल्टचीच आहे.

माझ्या परिचयातल्या एका वसाहतीत एक गँगमन रात्रपाळी करून घरी आला. न्हाणीघरातला दिवा लागत नव्हता. बायको म्हणाली, "अहो, राहू द्या, वायरमनला बोलवू." तो म्हणाला, "एवढ्याशा होल्डरला वायरमन कशाला?" बटण बंद केले, ओल्या फरशीवर उभा राहिला आणि होल्डर उघडला. तिथेच गेला. नंतर तपासले तेव्हा दिसले की, त्या घरात पूर्वी कुणीतरी बटण फेजवर न बसवता न्यूट्रलवर बसवले होते. बटण बंद केले की दिवा विझत होता, पण होल्डरपर्यंत वीज येतच होती. माणूस कामावर नव्हता, म्हणून कामावरील अपघाताची भरपाई नाही. १९२३ सालचा भरपाईचा कायदा कामाच्या ओघात झालेल्या अपघातापुरता होता. रुळावर मेला असता तर आपण दावा लढवला असता. घरात मेला, तर आपण फक्त खांदा देऊ शकलो.

म्हणून थोडे शास्त्र समजून घेऊ. माणसाला मारतो तो शरीरातून जाणारा प्रवाह. तीसेक मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह छातीतून काही वेळ गेला तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो. नऊ वॅटचा साधा एलईडी दिवा साधारण ४० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे एका लहान दिव्याला लागणारी वीज जीव घ्यायला पुरेशी आहे. अनेकांचा समज असा की, घरात एमसीबी आहे, तो पडेल. दिव्यांच्या सर्किटचा एमसीबी ६ अँपिअरचा, म्हणजे ६,००० मिलिअँपिअरचा असतो. तो तार जळू नये म्हणून आहे, माणूस वाचवणे हे त्याचे काम नाही. माणसासाठी वेगळे यंत्र असते, त्याला आरसीसीबी म्हणतात. ३० मिलिअँपिअर वीज जमिनीकडे गळायच्या आत ते क्षणात लाइन तोडते. आपल्या मेन बोर्डावर ते आहे की नाही, हे घरी गेल्यावर पाहा. त्यावर 'टी' लिहिलेले एक बटण असते. ते दाबल्यावर वीज गेली पाहिजे. महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

आता मुख्य प्रश्न. आपण स्वतः काय करावे आणि वायरमनला कधी बोलवावे? ही रेषा कायद्यानेच आखून दिली आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ४५ व्या नियमाने सांगितले की, वीजजोडणीचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडून आणि जाणकार माणसाच्या देखरेखीखालीच झाले पाहिजे. त्याला अपवाद एकच. दिवा, पंखा, फ्यूज, बटण, घरगुती उपकरण किंवा फिटिंग बदलायचे असेल आणि त्याने मूळ जोडणीची क्षमता वा स्वरूप बदलत नसेल, तर ते यातून वगळले आहे. पुढे २०१० साली नवे विनियम आले, मग २०२३ साली आणखी नवे आले, पण विचार तोच राहिला. साध्या मराठीत सांगायचे तर जुने काढून तिथेच तसेच नवे बसवणे आपले काम. नवा पॉइंट काढणे, तार वाढवणे, बोर्ड हलवणे, भार वाढवणे हे वायरमनचे काम.

आपल्या वाट्याचे कामसुद्धा परमिट घेतल्यासारखेच करायचे. क्रम नीट ध्यानात ठेवा.

पहिले, भिंतीवरच्या बटणावर विश्वास ठेवू नका, मेन स्विच बंद करा. जुन्या पद्धतीचा फ्यूज असेल तर किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवा, म्हणजे दुसरे कुणी चुकून लावणार नाही. घरातल्यांना मोठ्याने सांगा की, मेन बंद आहे, हात लावू नका.

दुसरे, घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन बंद केल्यावरही इन्व्हर्टरचे पॉइंट जिवंत राहतात. वीज वारंवार जाते अशा गावांत आता घरोघरी इन्व्हर्टर आहेत, त्यामुळे हे विसरून चालणार नाही.

तिसरे, टेस्टर. मेन बंद करण्याआधी तो चालू प्लगात लावून पाहा, पेटतो का. मग मेन बंद करून होल्डरच्या दोन्ही टोकांना लावा. मेन परत चालू केल्यावर पुन्हा प्लगात तपासा. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाहीच असे होत नाही, टेस्टरच मेलेला असू शकतो. म्हणून खात्री नसेल तर तारेला हात नाही.

चौथे, जोडणी. जुन्या वायरिंगमध्ये तांबडी तार फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ असते. बाजारातल्या नव्या फिटिंगमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थ असे रंग येतात. पण केवळ रंगावर जाऊ नका, आधीच्या माणसाने कुठली तार कुठे जोडली ते पाहून ठेवा. आटे असलेला होल्डर असेल तर फेज मधल्या टोकाला गेली पाहिजे, बाहेरच्या आट्यांना नाही. तारेचे आवरण स्क्रूपुरतेच सोला, एकही केस बाहेर राहू देऊ नका, स्क्रू आवळून तार ओढून पाहा. टांगता दिवा असेल तर सीलिंग रोझमध्ये तारेला गाठ मारा, म्हणजे वजन स्क्रूवर येत नाही. जड झुंबर किंवा पंखा कधीही तारेवर टांगायचा नाही, त्याला हूक हवा. फिटिंग पत्र्याचे असेल तर अर्थची तार जोडलीच पाहिजे. ती "उगाच लोंबते" म्हणून कापणारे महाभाग मी पाहिले आहेत.

हे झाले आपले. आता ज्या वेळी हात मागे घ्यायचा त्या खुणा. भगिनींनी विशेष लक्ष द्यावे, कारण घरात या खुणा आधी तुम्हालाच कळतात.

बटण किंवा प्लग हाताला गरम लागतो. जळका वास येतो. बोर्डातून चरचर आवाज येतो. नळाला, फ्रिजला वा ओल्या भिंतीला हात लावल्यावर मुंग्या येतात. फ्यूज वरचेवर जातो किंवा एमसीबी पुन्हा पुन्हा पडतो. दिवे एकदम मंद किंवा एकदम भडक होतात. बटण बंद केल्यावरही एलईडी दिवा मिणमिणत राहतो. ही शेवटची खूण कधी बटणातल्या इंडिकेटरमुळे दिसते, पण कधी बटण न्यूट्रलवर असल्यामुळेही दिसते. त्या गँगमनच्या घरात नेमका तोच दोष होता. यांपैकी काहीही दिसले तर मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. फ्यूज जातो म्हणून त्यात जाड तार घालणे म्हणजे सिग्नल लाल दिसतो म्हणून त्यावर हिरवा कागद चिकटवणे आहे.

जुनी लाकडी पट्टीवरची तार असेल आणि तिचे रबर बोटाने चुरत असेल, तर एक फिटिंग बदलून भागत नाही, सगळे वायरिंग बदलावे लागते. ॲल्युमिनियमच्या जुन्या तारेला तांब्याची तार पिळून जोडू नका. तो सांधा सैल होतो, तापतो आणि आग लावतो. रस्त्यावर किंवा शेतात तुटलेली तार दिसली तर जवळ जाऊ नका, १९१२ वर फोन करा. गावोगाव हिंडणाऱ्या आपल्या पोस्टमन व डाकसेवक बंधूंना पावसाळ्यात हे उपयोगी पडेल. आणि कुणी विजेला चिकटले तर त्याला ओढायला धावू नका. आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला सोडवा, आणि ११२ ला कळवा.

आता संघटनेचे काम. आपल्यातले अनेकजण सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. तिथले वायरिंग दुरुस्त ठेवणे प्रशासनाची जबाबदारी आहे. तिथे स्वतः पॉइंट वाढवू नका, पण गप्पही बसू नका. तक्रार वहीत लिहा, तारीख टाका, नोंद क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेली तक्रार ही तक्रार नसते. दहा क्वार्टरमधून दहा लेखी तक्रारी आल्या तर शाखेला हा प्रश्न पीएनएमच्या बैठकीत नेता येतो. टपालवाल्यांनाही आपल्या नियतकालिक बैठकीत तो घेता येतो. "निधी नाही" हे उत्तर मिळाले तर ते लेखी मागा. प्रत्येक क्वार्टरला आरसीसीबी आणि चालू अर्थिंग, ही आपली मागणी असली पाहिजे.

शेवटचा मुद्दा. वायरमनला दोनशे-तीनशे रुपये द्यायचे म्हटले की आपल्याला जड जाते. मित्रहो, तोही कामगारच आहे. त्याला महागाई भत्ता नाही, पेन्शन नाही, रजा नाही. आपण आपल्या कामाचा योग्य दाम मागतो, मग त्याच्या कौशल्याचा दाम देताना घासाघीस का? परवाना असलेला माणूस बोलवा, त्याचा परवाना पाहा, त्याला घाई करू नका. तो "मेन बंद करतो" म्हणाला तर "टीव्हीवर मॅच चालू आहे" असे म्हणू नका. आपण साहेबाकडून जी सुरक्षितता मागतो, ती आपल्या दारात काम करणाऱ्याला आपण दिली पाहिजे. नाहीतर आपल्या घोषणांना अर्थ उरत नाही.

तेव्हा आजच्या मेळाव्यातून तीन गोष्टी घेऊन जा. मेन बंद केल्याशिवाय तारेला हात नाही. जोडणी वाढवायची असेल तर परवानाधारक वायरमन. आणि क्वार्टरमधला दोष दिसला की लेखी तक्रार. शाखा चिटणिसांनी आपापल्या वसाहतीतल्या तक्रारी पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीपूर्वी माझ्याकडे द्याव्यात, ही विनंती.

कामगार एकजुटीचा विजय असो!