संगणकाच्या हजेरीपटावरील द्वारपाल

सातपुड्याच्या पायथ्याकडील चोपड्यासारख्या गांवांतील एखाद्या महाविद्यालयाचा संगणककक्ष श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. सकाळची वेळ आहे. विद्यार्थी अजून यावयाचे आहेत. लिनक्स प्रणालीच्या एका यंत्रांत कोण कोण दाखल आहे, हें व्यवस्थापक दुसऱ्या यंत्रावरून पाहतो, तों यादींत नांव दिसतें : ‘जीडीएम’. या नांवाचा विद्यार्थी पटावर नाहीं, शिक्षकहि नाहीं. मग रात्रीं कोणी परका शिरला कीं काय? अशा वेळीं संशय जावयाचा तो एखाद्या हुशार पण खोडकर मुलावर. म्हणूनच या नांवाचा उलगडा होणें अगत्याचें आहे.

यंत्र सुरू होतांच जो पडदा नांव व परवलीचा शब्द विचारतो, तोहि एक प्रोग्रामच असतो. आणि युनिक्सच्या परंपरेंत प्रत्येक प्रोग्राम कोणत्या तरी खात्याच्या नांवावर चालतो. हा पडदा सर्वाधिकारी ‘रूट’च्या नांवावर चालविला, तर त्यांतील एखाद्या दोषानें सारें यंत्र परक्याच्या हातीं जाण्याचें भय. यास्तव त्याला अल्प अधिकाराचें निराळें खातें देतात. ‘जीडीएम’ किंवा ‘लाइटडीएम’ हीं अशाच खात्यांचीं नांवें होत.

खानदेशांतील जिनिंगच्या फाटकावर पहारेकरी असतो. त्याचें नांव हजेरीपटावर असतें. पण म्हणून सरकी काढणाऱ्या कामगारांत कोणी त्याची गणना करीत नाहीं. येथेंहि तोच न्याय लागू आहे.

मग घोटाळा कां होतो? दाखल झालेल्यांचीं नांवें सांगणारी ‘हू’ ही आज्ञा युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या पुस्तिकेंतच आढळते. त्या काळीं दाखल होणें म्हणजे टंकयंत्रापुढें माणूस येऊन बसणें. ही आज्ञा ‘यूटीएमपी’ नांवाच्या नोंदवहीवरून नांवें वाची. त्या वहींतील काळाची नोंद बहुतेक ठिकाणीं ३२ बिटांची, म्हणून १९ जानेवारी २०३८ पर्यंतच पुरणारी. त्यामुळें अलीकडे कित्येक साधनें ‘सिस्टिमडी’च्या सत्रनोंदींकडे वळलीं आहेत. या नोंदींत प्रत्येक सत्राचा वर्ग लिहिलेला असतो : माणसाचें तें ‘यूजर’, प्रवेशपडद्याचें तें ‘ग्रीटर’. जें साधन वर्ग न पाहतां केवळ सत्रें मोजतें, तें द्वारपालासहि वापरकर्ता ठरवितें. एकाच यंत्रावर एक आज्ञा एक माणूस सांगते व दुसरी दोन, याचें हेंहि एक कारण असूं शकतें.

परिणाम संशयापुरताच राहत नाहीं. ‘यादी रिकामी झाली कीं यंत्र बंद करावें’ अशी योजना कोणीं केली, तर द्वारपाल यादींत असेतों तें यंत्र रात्रभर जळत राहील. उलट, ‘परका’ म्हणून तें सत्र मोडून काढलें, तर प्रवेशाचा पडदाच नाहींसा होईल.

तेव्हां नांव पाहून थांबूं नये. ‘लॉगिनसीटीएल’ या आज्ञेनें सत्राचा वर्ग व उगम पाहावा. वर्ग ‘ग्रीटर’ आणि स्थान यंत्रापुढील आसन असेल, तर चिंता नको. पण त्याच नांवाचें सत्र दूरच्या पत्त्यावरून आलेलें दिसलें, तर मात्र चौकशी अवश्य करावी; पहारेकऱ्याचा वेष घेऊन चोरहि येऊं शकतो. यादी सत्रांची असते, माणसांची नव्हे, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे निरपराध विद्यार्थ्यावर आळ येत नाहीं आणि खरा अपराधीहि नजरेंतून निसटत नाहीं.