रजोनिवृत्ती आणि आम्ही पुरुष

(संस्थेच्या सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेतला माणूस म्हणून आम्ही कर्ज, बचत किंवा शिष्यवृत्तीच्या खात्यावर बोलावे अशी कार्यकारिणीची अपेक्षा होती. आम्ही विषय बदलून मागितला. तो ऐकताच एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अहो, हा तर महिला मंडळाचा विषय!" आमचे म्हणणे नेमके उलट आहे. महिलांना हा विषय अंगावर सोसून पाठ झालेला असतो. या बाबतीत अडाणी आहोत ते आम्ही पुरुष. आम्ही डॉक्टर नाही, काऊंटरवर बसणारे साधे लिपिक आहोत. परंतु आमच्या हातून जी चूक झाली ती आपल्या हातून होऊ नये, एवढ्याचसाठी येथे उभे आहोत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या पत्नीचे वय तेव्हा ४५. थंडीचे दिवस होते आणि रात्री दोन वाजता घरातला पंखा पाचवर फिरत होता. आम्ही गोधडीतून ओरडलो, "वेड लागलंय का तुला?" ती काही बोलली नाही. पंखा बंद करून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखालच्या थंड फरशीवर बसून राहिली. दिवसा चिडचिड, दूध उतू जाणे, किल्ल्या हरवणे हे चालूच होते. आम्ही शाखेत गंमत म्हणून सांगत असू, "आमच्या घरचं वातावरण सध्या तापलंय!" सगळे हसत. एके दिवशी शेजारच्या काऊंटरवरच्या बाई म्हणाल्या, "दादा, हसू नका. माझंही तेच चाललंय. रात्रभर जागते आणि सकाळी इथे येऊन नोटा मोजते." आमची मान खाली गेली. इतकी वर्षे शेजारी बसून आम्हांला त्यांचेही कळले नव्हते.

मित्रहो, यात न समजण्यासारखे काही नाही. साधारण ४५ ते ५५ या वयात स्त्रीच्या बीजांडकोशांचे काम मंदावते आणि इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक कमी होत जाते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे डॉक्टर मानतात. आपल्या देशात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी घडते. मात्र त्रास त्याच्या आधी काही वर्षे सुरू होतो आणि नंतरही काही वर्षे राहू शकतो. मेंदूत शरीराचे तापमान सांभाळणारी एक यंत्रणा असते, ती या काळात फार हळवी होते. बँकेच्या तिजोरीचा अलार्म उंदीर गेला तरी वाजावा, तसे होते. अंगात थोडी उष्णता वाढली की एकदम चेहरा, मान, छाती तापते, घाम फुटतो आणि मागाहून हुडहुडी भरते. हे रात्रीतून चार वेळा झाले तर झोप कुठली? झोप नाही म्हणजे चिडचिड आली, विसराळूपणा आला. शिवाय सांधे दुखतात, छातीत धडधडते. प्रत्येकीला सारखाच त्रास होतो असे नाही. काहींना तर जाणवतही नाही. म्हणून "आमच्या आईला कुठं काय झालं होतं?" असे पत्नीला विचारू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या काळात योनिमार्ग कोरडा होतो व पती-पत्नीचा संबंध वेदनादायक होऊ शकतो. ती टाळते ती वेदनेमुळे. नवरा समजतो, हिचे आपल्यावरचे मन उडाले. काही घरांत यावरून संशय आणि मारहाणीपर्यंत मजल जाते. वास्तविक यावर साधी मलमे आहेत, पण त्यासाठी तोंड उघडावे लागते.

तोंड न उघडल्याची किंमत काय असते हे आमच्या घराने पाहिले आहे. आमची थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणत असू. तिला अंग तापण्याचा त्रास सुरू झाला तेव्हा दाजी म्हणाले होते, "म्हातारपणी काय हे नखरे!" त्या दिवसापासून आक्काने सांगणे सोडले. पाळी जाऊन सहा वर्षे झाल्यावर तिला पुन्हा रक्तस्राव होऊ लागला, तेही तिने आठ महिने कोणाला सांगितले नाही. त्या उन्हाळ्यात ती आठ दिवस आमच्याकडे राहून गेली. "आक्का, सुकलीस का गं?" असे आम्हीही विचारले नाही. तपासणी झाली तेव्हा गर्भाशयाचा कर्करोग पसरलेला होता. दीड वर्षात ती गेली. दाजी वाईट माणूस नव्हते. उपचारासाठी त्यांनी म्हैस विकली, जमीन गहाण टाकली. एवढा खर्च करायला तयार असलेल्या माणसाने वेळेवर एक प्रश्न मात्र विचारला नाही.

म्हणून हे एक वाक्य घरी घेऊन जा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब रक्त दिसले तरी डॉक्टरांना दाखवायचे. बहुतेक वेळा कारण साधे निघते, पण ते तपासणीनंतरच म्हणता येते.

याच्या उलट टोकाची चूकही आपल्या समाजात होते. "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. तेथील पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकीचा खाडा पडला की दोघांची मजुरी बुडते. अशा वेळी निर्णय एकट्या बाईचा नसतो, घरातल्या पुरुषाचाही असतो. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले तर तिशीतल्या बाईवरही रजोनिवृत्ती एका दिवसात येऊन आदळते आणि हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात. काही आजारांत ही शस्त्रक्रिया आवश्यक असते हे खरे. पण दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

आता पुरुषाने करायचे काय? पहिले म्हणजे विचारायचे आणि उत्तर पुरते ऐकायचे. लगेच उपदेश करायचा नाही. दुसरे, तिच्या रागाला अपमान समजायचे नाही आणि चारचौघांत तिची थट्टा करायची नाही. मात्र तिची प्रत्येक तक्रार "पाळीमुळे बोलतेस" म्हणून उडवूनही लावायची नाही. काही तक्रारी आपल्या वागण्याच्याच असतात! तिसरे, कामे वाटून घ्यायची. आम्ही सकाळचे पाणी भरणे आणि डबे करणे अंगावर घेतले, तेव्हा तिला पहाटेची दीड तास झोप मिळू लागली. अंथरुणात दोघांची पांघरुणे वेगळी केली. तिची सुती चादर, आमची गोधडी आणि पंखा तिच्या मर्जीने. भांडण तेथेच मिटले. चौथे, नाचणीची भाकरी, दूध, तीळ, कोवळे ऊन आणि रोजचे चालणे हाडांना हवेच. चालायला तिच्याबरोबर आपणही जावे.

पाचवे, डॉक्टरांकडे सोबत जायचे. संप्रेरकांच्या गोळ्यांबद्दल २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर फार भीती पसरली. पुढे हे कळले की साठीच्या आतील किंवा रजोनिवृत्तीला दहा वर्षे न झालेल्या अनेक स्त्रियांना, योग्य तपासणीनंतर, त्यांचा फायदा तोट्याहून अधिक असतो. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा आजार झालेल्यांना त्या सहसा देत नाहीत. म्हणून शेजारणीची गोळी मेडिकलमधून आणायची नाही. आणि पाळी अनियमित झाली तरी वर्षभर पूर्ण थांबेपर्यंत गर्भ राहू शकतो, हेही दोघांनी ध्यानात ठेवावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला वाटेल, आमचा याच्याशी काय संबंध? तुम्ही बारावीला किंवा कॉलेजात असता तेव्हा बहुधा तुमची आई याच वयातून जात असते. ती एकाएकी ओरडली तर उलट उत्तर देण्याआधी तिला रात्री झोप लागली होती का, एवढे विचारा.

आमच्या पत्नीचा त्रास आजही पूर्ण गेलेला नाही. परवा रात्री ती उठली. आम्ही दिवा न लावता पंखा वाढवला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. ती म्हणाली, "झोपा तुम्ही, सकाळी बँक आहे." आम्ही म्हणालो, "तुलाही सकाळी घर आहे." बस्स, एवढेच. आक्काच्या वेळी हे आम्हांला सुचले असते तर फार बरे झाले असते.