बोटीचा धूर कोणाच्या खाती?



परवा वर्ग सुटल्यावर नाशिककडचा माझा एक विद्यार्थी हातात कागद घेऊन आला. त्याच्या वडिलांची द्राक्षबाग आहे. माल एका निर्यातदारामार्फत न्हावाशेव्याहून हॉलंडला जातो. कागद त्या निर्यातदाराच्या हिशोबाचा होता, आणि त्यात बोटीच्या भाड्याखाली आणखी एक बारीकशी रक्कम लावलेली होती. नाव काय, तर उत्सर्जन अधिभार. "सर, बोटीच्या धुराचे पैसे आम्ही का द्यायचे?" त्याने विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याला जे सांगितले तेच आज तुम्हाला जरा विस्ताराने सांगतो.

मोठ्या मालवाहू बोटी बहुतेक जड तेलावर चालतात. खनिज तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाला जो डांबरासारखा दाट गाळ उरतो, तेच हे तेल. तापविल्याशिवाय ते नळीतून वाहतसुद्धा नाही. ते स्वस्त आहे, म्हणून बोटी ते जाळतात. जगात माणसाच्या उद्योगामुळे जे उष्णताधारक वायू हवेत जातात, त्यांतला सुमारे तीन टक्के भाग बोटींचा आहे. तीन टक्के म्हणजे काहीच नाही, असे तुम्ही म्हणाल. पण वजनात मोजले तर ते वर्षाला शंभर कोटी टनांच्या घरात जाते.

आता खरी अडचण ऐका. कारखान्याचा धूर ज्या गावात निघतो त्या देशाच्या खाती मांडता येतो. बोटीचे तसे नाही. मालक ग्रीसचा, निशाण पनामाचे, माल चीनचा, खलाशी आपल्या रत्नागिरीचा, आणि धूर निघाला भर समुद्रात, जिथे कोणाचेच राज्य नाही! मग तो कोणाच्या वहीत लिहायचा? १९९७ साली जपानातल्या क्योटो शहरी जो करार झाला, त्यात हा प्रश्न लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे सोपवून राष्ट्रे मोकळी झाली. २०१५ च्या पॅरिस करारात तर जहाजांचा उल्लेखही नाही. सामाईक विहिरीचा गाळ कोणी काढायचा, यावर गावात जसे होते तसेच हे झाले.

सागरी संघटनेने काहीच केले नाही असे नाही. नव्या बोटी कमी तेलात चालतील अशाच बांधाव्यात, हा नियम २०१३ पासून लागू झाला. २०२३ पासून मोठ्या बोटींना शाळेतल्यासारखी दरवर्षी श्रेणी मिळू लागली. आणि त्याच वर्षी जुलैत सगळ्या सभासद राष्ट्रांनी ठरविले की २०५० च्या सुमारास जहाजांचे उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचे. ठरले खरे, पण न पाळणाऱ्याला दंड कोणता, ते ठरायचे राहिले.

तेल वाचविण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे सावकाश जाणे. बोटीचा वेग वाढविला की इंजिनाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. शिक्षकबंधूंनी हे गणित मुलांना जरूर घालावे: ताशी वीस सागरी मैलांऐवजी अठरा मैलांनी गेल्यास तासाला लागणारे तेल सुमारे सत्तावीस टक्क्यांनी घटते. प्रवास लांबतो, तरी पुऱ्या खेपेत एकोणीस टक्के तेल वाचते. कोळसा नेणाऱ्या बोटीला चार दिवस उशीर चालतो. द्राक्षांच्या पेटीला तो किती चालेल, हे बागाईतदाराला मी सांगायला नको.

आता त्या अधिभाराकडे वळू. जगाची वाट पाहून कंटाळलेल्या युरोपीय संघाने २०२४ पासून स्वतःचा कायदा लावला. बाहेरून युरोपच्या बंदरात येणाऱ्या मोठ्या बोटीने त्या खेपेतल्या निम्म्या धुराचा हिशोब द्यायचा आणि तेवढे परवाने विकत घ्यायचे. पहिल्या वर्षी त्यातल्या चाळीस टक्क्यांचे, दुसऱ्या वर्षी सत्तर टक्क्यांचे, आणि २०२६ पासून सगळ्याचे. बोटवाला हा खर्च भाड्यात घालतो, निर्यातदार तो मालाच्या भावात धरतो. ओझे खाली खाली सरकत बांधापर्यंत येते. आणि परवान्यांचा पैसा राहतो युरोपात. मला यातले हेच खटकते.

म्हणूनच एप्रिल २०२५ मध्ये लंडनला जो मसुदा मंजूर झाला तो मला अधिक न्याय्य वाटतो. सर्व जगाला एकच नियम. ठरलेल्या मर्यादेबाहेर जो धूर होईल त्यावर टनामागे शंभर ते तीनशे ऐंशी डॉलर. पैसा एका सामाईक निधीत, आणि त्यातून गरीब राष्ट्रांनाही मदत. त्रेसष्ट राष्ट्रांनी बाजूने मत दिले, त्यांत भारत होता. सोळा विरुद्ध गेली. प्रशांत महासागरातली चिमुकली बेटे तटस्थ राहिली, कारण त्यांच्या मते हा उपाय फारच मवाळ होता. समुद्र चढला तर आधी त्यांचीच घरे पाण्यात जायची. त्यांना तसे वाटले तर नवल नाही. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये शेवटचे शिक्कामोर्तब व्हायचे, तेव्हा अमेरिका आणि सौदी अरेबिया यांनी कसून विरोध केला, आणि सत्तावन्न विरुद्ध एकोणपन्नास मतांनी तो विषय वर्षभर पुढे ढकलला गेला.

दरम्यान नव्या जळणाचा शोध चालूच आहे. काही बोटींवर चक्क शिडे परत चढली आहेत, मात्र कापडाची नव्हेत, तर पोलादाची आणि काचतंतूंची. आपल्या गलबतवाल्या आजोबांना हसू आले असते. दुसरे जळण म्हणजे अमोनिया. होय, ज्यापासून युरिया होतो तोच! जाळला तर त्यातून कर्बवायू निघत नाही. मात्र आज तो बहुतेक नैसर्गिक वायूपासूनच बनतो, तेव्हा धूर बोटीवर नाही तर कारखान्यात होतो. उन्हाच्या आणि वाऱ्याच्या विजेवर तो बनविला तरच उपयोग. आपल्याकडे ऊन भरपूर आहे, म्हणून भारताला यात मोठी संधी आहे असे सरकार म्हणते, आणि ते खोटे नाही. पण उद्या बोटी अमोनिया मागू लागल्या आणि शेतही मागू लागले, तर आधी कोणाला द्यायचा आणि कोणत्या भावाने, हे आत्ताच ठरवून ठेवलेले बरे. त्या विद्यार्थ्याने हे ऐकल्यावर विचारले, "म्हणजे सर, भाडंही वाढणार आणि खतही महागणार?" मी म्हटले, नियम करताना तुझ्या वडिलांसारख्यांची बाजू कोणी मांडली नाही, तर दोन्ही होईल.