गोल चौकाची संवय



आयुष्यभर ज्यानें सायकलीवांचून दुसरें वाहन चालविलें नाहीं अशा माणसानें मोटार हांकणाऱ्यांच्या अडचणींवर व्याख्यान द्यावें, हें आपणांस थोडें चमत्कारिक वाटेल. परंतु शाळामास्तराचा धंदाच असा आहे कीं, स्वतः न केलेल्या आणि न पाहिलेल्या पुष्कळ गोष्टी त्यास दुसऱ्यांना शिकवाव्या लागतात. तीस वर्षें मीं मुलांना ॲमेझॉन नदी शिकविली. ती आपण पाहिली आहे काय, असें एकाहि मुलानें मला विचारलें नाहीं. तोच धीर धरून आज मी आपणांपुढें बसलों आहें.

माझा मुलगा अमेरिकेंतील इंडियाना राज्यांत कार्मेल नांवाच्या गांवीं राहतो. इंडियानापोलिस शहराच्या उत्तरेस लागून असलेलें हें सुमारें एक लाख वस्तीचें गांव. २०२३ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां तेथें चार महिने होतों. विमानतळावरून घरीं निघालों, आणि गांवांत शिरल्यावर मोटार कोठें थांबेचना. थोडी मंदावे, अर्धवट वळसा घेई, आणि पुन्हां पुढें चालूं लागे. चौथ्या-पांचव्या वळशाला आमच्या कुटुंबानें डोळे मिटून घेतले. मुलगा हंसून म्हणाला, “बाबा, आईला सांगा, असे चौक या गांवांत दीडशेंहून अधिक आहेत.”

चौकाच्या मध्यभागीं एक वर्तुळाकार बेट, त्याभोंवतीं एकाच दिशेनें फिरणारा रस्ता, आणि बाहेरून येणाऱ्यानें आंत फिरणाऱ्यास वाट देऊन मग शिरावयाचें, एवढीच ती रचना. सिग्नल नाहीं, शिपाई नाहीं. तिकडे त्यास राउंडअबाउट म्हणतात. आपण सर्कल म्हणतों. माटुंग्याचें किंग्ज सर्कल, ज्याच्या पोटांत आतां माहेश्वरी उद्यान आहे, तें मुंबईकर श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें असेलच. फरक एवढाच कीं, आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनें जातों, म्हणून बेट आपल्या उजव्या हाताला राहतें. देवळांत प्रदक्षिणा घालतों तसेंच. अमेरिकेंत सारें उलटें. पहिले कांहीं दिवस मला ती उलटी प्रदक्षिणा मनांतून खुपत असे, हें कबूल करतों.

ह्याच गांवाच्या मुख्य चौकांत १९२३ सालीं अमेरिकेंतील अगदीं पहिल्या स्वयंचलित सिग्नलांपैकीं एक बसविला होता, असें तेथले लोक अभिमानानें सांगतात. ज्या गांवानें सिग्नलचें एवढें कौतुक केलें, त्यानेंच पुढें सिग्नल एकामागून एक उतरवावे, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा.

ह्या खेळाचा इतिहास थोडक्यांत सांगतों. गोल चौक ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलभोंवतीं १९०५ सालीं आणि पॅरिसच्या विजयकमानीभोंवतीं १९०७ सालीं वाहनें एकाच दिशेनें फिरूं लागलीं. परंतु पुढें बऱ्याच ठिकाणीं आंत शिरणाऱ्याचा मान मोठा, आणि आंत फिरणाऱ्यानें थांबावयाचें, असा नियम पडला. परिणाम काय होणार? शिरणारे शिरत राहिले, बाहेर पडणारे अडकून पडले, आणि गर्दीच्या वेळीं सारें वर्तुळ गांठ बसल्यासारखें आवळून गेलें. १९५० नंतर अमेरिकन लोकांनीं ह्या प्रकाराचा नादच सोडला. इंग्लंडांत मात्र फ्रँक ब्लॅकमोर नांवाच्या अभियंत्यानें ह्या प्रश्नाचा पिच्छा पुरविला, आणि १९६६ सालीं तेथें नियम झाला कीं, आंत फिरणाऱ्यास अग्रहक्क, बाहेरच्यानें थांबावें. एवढ्या एका ओळीच्या नियमानें गांठ सुटली. अमेरिकेंत ह्या सुधारलेल्या पद्धतीचे पहिले चौक १९९० सालीं लास व्हेगासजवळ झाले. कार्मेलला १९९६ पासून २०२३ अखेरपर्यंत जेम्स ब्रेनर्ड हे मेयर होते. त्यांनीं विद्यार्थिदशेंत इंग्लंडांत हे चौक पाहिले होते, आणि त्यांचा हा छंद गांवाला लागला. पॅरिसच्या विजयकमानीशीं मात्र शिरणाऱ्याचाच मान अद्याप चालूं आहे. तेथें मोटार हांकणाऱ्यांचें मला दुरूनच कौतुक वाटतें.

आतां मूळ गोष्टीकडे येतों. मुलाच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहत. वय ७९. आमची ओळख बागेंत पाणी घालतां घालतां झाली. माझें इंग्रजी मॅट्रिकचें, त्यांचें बोलणें सावकाश. त्यामुळें आमचें बरें जमलें. ते मला ‘टीचर’ म्हणत. त्यांच्या पत्नीस स्मृतिभ्रंश झालेला, आणि ती चार मैलांवरील एका शुश्रूषागृहांत होती. रोज साडेअकराला तेथें जाऊन तिला स्वतःच्या हातानें भरवावें, हा त्यांचा नेम. परक्याच्या हातून ती खात नसे.

त्या वाटेवर एक सिग्नलचा चौक होता. वसंतऋतूंत तो खणला गेला, आणि आम्ही पोहोंचलों त्या सुमारास तेथें गोल चौक सुरू झाला. पहिल्याच आठवड्यांत ह्यांची मोटार बेटाच्या दगडी कांठाला घांसली. इजा कोणास झाली नाहीं, पण दुसऱ्या राज्यांतून आलेल्या मुलीनें तो ओरखडा पाहिला, आणि ती म्हणाली, “बाबा, आणखी एकदां असें झालें तर किल्ल्या माझ्याकडे द्यावयाच्या.” मुलीचें चुकलें असें मी म्हणणार नाहीं. परंतु ज्या वस्तींत बसगाडी येत नाहीं, आणि भाजीसुद्धां मोटारीनें आणावी लागते, तेथें किल्ल्या देणें म्हणजे काय, हें त्या गृहस्थांना कळत होतें. तेव्हांपासून ते तो चौक टाळून तीन मैलांच्या फेऱ्यानें जाऊं लागले. पुढें त्या फेऱ्याच्या वाटेवरचा चौकहि गोल होणार, अशी पाटी लागली. त्या दिवशीं ते बागेंत आलेच नाहींत.

दुसऱ्या दिवशीं मीं त्यांना विचारलें, ह्या चौकांत कठीण काय आहे? ते म्हणाले, “टीचर, साठ वर्षें मला दिवा सांगत आला. तांबडा, थांब. हिरवा, जा. आतां मीच ठरवावयाचें कीं, येणाऱ्या दोन मोटारींमधील जागा मला पुरेल कीं नाहीं. आणि मी ठरवीपर्यंत ती जागा निघून गेलेली असते.” इतकें नेमकें उत्तर मला वर्गांत क्वचितच मिळालें असेल.

मग आमची शाळा भरली. नातवाचा खडू घेऊन मीं त्यांच्या घरापुढील सिमेंटच्या अंगणांत चौक काढला, मध्यें चहाची बशी पालथी घातली, आणि नातवाच्या खेळण्यांतल्या मोटारी फिरविल्या. साध्या चौकांत चार वाटांच्या वाहनांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणीं छेदतात किंवा मिळतात. एकपदरी गोल चौकांत तीं ठिकाणें ८ च उरतात, हें पुस्तकांतलें गणित आम्हीं खडूनें ठिपके देऊन ताडून पाहिलें. त्याहून महत्त्वाचें म्हणजे, समोरासमोरची आणि काटकोनांतली टक्कर तेथें जवळजवळ नाहींशी होते. धडक बसलीच तर तिरपी, आणि ताशीं पंचवीस-तीस किलोमीटरांच्या वेगानें. माझा एक हुशार विद्यार्थी सिग्नलच्या चौकांतच गेला. त्याचा दिवा हिरवा होता. आडव्या वाटेनें येणाऱ्यानें तांबडा मानला नाहीं. नियम पाळणाऱ्याचें रक्षण नियम न पाळणाऱ्याच्या हातीं असावें, हें मला तेव्हांपासून सहन होत नाहीं. असो.

अमेरिकेंतील इन्शुअरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी ह्या संस्थेनें २००० सालीं अशा बदललेल्या २४ चौकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकूण अपघात सुमारें ४० टक्क्यांनीं आणि इजेचे अपघात ७६ टक्क्यांनीं कमी झालेले आढळले. लोकमताची त्यांची पाहणी तर माझ्या शेजाऱ्यांना फार धीर देणारी ठरली. तीन गांवांत चौक होण्यापूर्वीं शंभरांत ३१ चालक अनुकूल होते. चौक झाल्यावर थोड्याच दिवसांत ६३. ते म्हणाले, “म्हणजे मी एकटाच मूर्ख नव्हतों तर!”

रविवारीं सकाळीं सहा वाजतां, रस्ते ओस असतांना, आम्ही दोघे म्हातारे सरावाला निघत असूं. पहिल्या दिवशीं समोर चिटपांखरूं नसतांना ते चौकाच्या तोंडाशीं पुरते थांबले, आणि थांबूनच राहिले. मागून एक दूधवाली गाडी आली. तिच्या चालकानें भोंगा वाजविला. दुसऱ्या रविवारीं आंत शिरले, पण बाहेर पडण्याची वाट हुकली. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मीं म्हटलें, घाई कसली? पुन्हां एक फेरी घालूं. चौकांत वाट चुकणाऱ्यास दुसऱ्या वळशाला तीच वाट पुन्हां मिळते, ही सोय साध्या चौकांत कोठें आहे? आम्हीं तीन फेऱ्या घातल्या. चौथ्याला ते बरोबर बाहेर पडले, आणि स्टिअरिंगवरचा हात काढून त्यांनीं डोळे पुसले. मी खिडकींतून बाहेर पाहत राहिलों.

खरी युक्ति पुढें त्यांनाच सांपडली. ते चौकाजवळ येऊन थांबत आणि मग पाहत. त्यामुळें प्रत्येक वेळीं शून्यापासून आरंभ होई. चाळीस-पन्नास पावलें आधींपासूनच वेग उतरवून डावीकडे नजर ठेवली कीं, बहुधा थांबण्याची वेळच येत नाहीं. पाहावयाचें एकाच बाजूला. अमेरिकेंत साध्या चौकांत डावीकडे वळतांना समोरून भरधाव येणाऱ्या गाडीचा वेग जोखावा लागतो, आणि वृद्ध माणसें तेथेंच हमखास चुकतात. गोल चौकांत तें काम उरत नाहीं. मुलीच्या भीतीचें औषध मुलीला भिववणाऱ्या चौकांतच होतें म्हणावयाचें.

सारें गोडच आहे असें मात्र नाहीं. दोनपदरी चौकांत आंत शिरण्यापूर्वींच आपला पदर निवडावा लागतो, आणि आंत गेल्यावर तो बदलूं नये. नवखे लोक नेमकें तेंच करतात. अंध माणसाचें तर फारच कठीण. सिग्नलशीं वाहतूक थांबली कीं तें त्याला कानांनीं कळतें. अखंड फिरणाऱ्या चाकांच्या आवाजांत कोणती मोटार आपणांसाठीं थांबली, हें त्यानें कसें ओळखावें? ह्याचें समाधानकारक उत्तर मला कोणी दिलें नाहीं.

आपल्याकडेहि नवी दिल्लींत आणि चंदीगडला असे चौक पुष्कळ आहेत. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेंत, चौकांत कोणास वाट द्याल, असें विचारतात, आणि उजवीकडून येणाऱ्यास, हें उत्तर उमेदवार पाठ करून येतात. गोल चौकांत आंत फिरणारा नेमका उजवीकडूनच येत असतो. म्हणजे नियम आपणांस ठाऊक आहे. संध्याकाळीं सहाच्या सुमारास एखाद्या सर्कलपाशीं उभें राहून तो कितीजण पाळतात हें मोजावें. मीं एकदां मोजूं लागलों, आणि दहा मिनिटांत सोडून दिलें.

आम्ही सप्टेंबरांत परतलों. निघण्याच्या आदल्या दिवशीं शेजारी मला शुश्रूषागृहांत घेऊन गेले. पाऊस होता. चौक आला, त्यांनीं वेग उतरविला, एक मोटार जाऊं दिली, आणि तिच्या मागोमाग ते आंत शिरले. त्या वेळीं ते माझ्याशीं टोमॅटोच्या रोपांविषयीं बोलत होते, आणि बोलणें मध्यें तुटलें नाहीं. पत्नीनें त्यांच्या हातून अर्धी वाटी सूप घेतलें. दिवाळीच्या सुमारास त्यांचें पत्र आलें. मुलगी येऊन गेली, बापाशेजारीं बसून सगळीकडे हिंडली, आणि किल्ल्यांचा विषय तिनें काढला नाहीं. दोनपदरी मोठा चौक मात्र ते शुक्रवारीं संध्याकाळीं अजून टाळतात.