वसईचा संत आणि वसईतला परगावकर

5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर मारल्या गेलेल्या 26 जणांत गोन्सालो गार्सिया होते. जन्म वसईचा. तरुण वयात ते जपानला गेले, तिथली भाषा शिकले, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाचे बंधू झाले आणि मिशनऱ्यांचे दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. 1862 मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केले. वसईच्या कॅथलिकांचा हा मानबिंदू परमुलखात परका म्हणून जगला आणि परक्यांविषयीच्या संशयाचाच बळी ठरला. गौरवाच्या भाषणांत ही बाजू बहुधा राहून जाते.

स्थलांतरिताविषयीची कॅथलिक शिकवण एका साध्या श्रद्धेवर उभी आहे: माणूस देवाची प्रतिमा आहे, मग त्याच्याजवळ कागद असोत वा नसोत. मत्तयच्या शुभवर्तमानात बाळ येशूला घेऊन योसेफ आणि मरिया हेरोदाच्या भीतीने इजिप्तला पळतात; त्याच शुभवर्तमानात अंतिम न्यायाच्या वेळी परक्याला घरात घेतले की नाही, याचा हिशेब मागितला जातो. 1952 मध्ये बाराव्या पायस यांनी याच निर्वासित पवित्र कुटुंबाला स्थलांतरितांचा आदर्श मानले. 1963 मध्ये तेविसाव्या जॉन यांनी सबळ कारण असेल तर देश सोडून दुसरीकडे राहण्याचा हक्क मानवी हक्कांत मोजला. सरकारने स्थलांतराला अटी घालू नयेत, असे मात्र चर्च म्हणत नाही. या अटींच्या नावाखाली माणसाची किंमत कमी होऊ नये, एवढाच त्याचा आग्रह.

हे सगळे निर्वासितांच्या बोटी जिथे लागतात त्या इटलीच्या लॅम्पेदुसा बेटाविषयी बोलताना सोपे वाटते. वसईत ते अवघड होते, आणि त्याला कारणही आहे. केळीच्या बागा, फुलांचे मळे, पाणी साठवणारी बावखले यांवर जगलेल्या या पट्ट्यात बिल्डर आले, जमिनी गेल्या, विहिरी खारावल्या. याविरुद्ध उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आघाडीवर होते. त्या लढ्याचा रोख जमीन गिळणाऱ्या व्यवहाराकडे होता. नालासोपाऱ्याच्या चाळीत दहा बाय दहाची खोली भाड्याने घेणाऱ्याकडे नव्हता. पण गावच्या ओट्यावरच्या गप्पांत हा फरक झटकन पुसला जातो आणि पाणीटंचाईपासून लोकलच्या गर्दीपर्यंत सगळ्याचे खापर ‘बाहेरच्यां’वर फुटते. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या 12 लाखांवर होती. यातले बरेच ‘बाहेरचे’ मुंबईत घर परवडेना म्हणून आलेले. त्यांत कोकणी, घाटावरचे मराठीही आले. केरळहून आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी तर 1988 मध्ये कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. वसईचा धर्मप्रांत त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी धाकटा, 1998 चा.

दुसरे स्थलांतर पालघर जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होते, म्हणून ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची आदिवासी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर निघतात. मालकाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, ती पावसाळ्यापर्यंत फिटत नाही. मुले भट्टीवर, शाळा गावात. पोप फ्रान्सिस यांनी 2023 च्या जागतिक स्थलांतरित व निर्वासित दिनाला निवडलेला विषय इथे नेमका लागू पडतो: जायचे की राहायचे, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य. ज्याला गावात राहून पोट भरता येत नाही, त्याचे जाणे ही निवड नव्हे.

मे 2020 मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, गावी नेणाऱ्या श्रमिक रेल्वेगाड्यांसाठी वसईच्या सनसिटी मैदानात हजारो मजूर उन्हात बसले होते. त्या दिवसांत मदत झाली, शिधा वाटला गेला. पण मजुराची अडचण टाळेबंदीच्या आधीचीच आहे. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. सकाळी थापी आणि ओळंबा घेऊन नाक्यावर उभा राहणारा गवंडी आज एका ठेकेदाराकडे, उद्या दुसऱ्याकडे. दाखला देणार कोण? नोंदणी नाही म्हणून मुलांची शिष्यवृत्ती नाही, अपघात झाला तर मदत नाही. आज वसईत पदवी घेणाऱ्या तरुणांपैकी काही जण थोड्याच काळात याच बांधकामांवर अभियंते किंवा हिशेबनीस असतील, आणि तो दाखला त्यांच्याच टेबलावर येईल.